कार्डावर नसलेला फोटो

या पानावर मी कित्येक वर्षं नुसती वाचक आहे. रात्री झोप येईना की इथले अनुभव वाचायचे, आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात "काहीतरी कारण असणारच" असं म्हणून पुढचा उघडायचा. आमच्या घरात देवघर आहे, पण दिवा माझा नवरा प्रशांत लावतो. मी आयुष्यात कधी नवस बोलले नाही, कुणाला पत्रिका दाखवली नाही.

आणि माझं कामही असं की तिथे "आपोआप झालं" असं काही नसतं. मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटमधूनच. इकडच्या कॉम्प्युटरवरच्या फाईली तिकडे न्यायच्या, दोन्हीकडच्या तंतोतंत सारख्या ठेवायच्या. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची, बस्स. एखादी फाईल कमी निघाली किंवा जास्त निघाली तर त्याला कारण असतं, आणि शोधलं की ते सापडतं. आजवर प्रत्येक वेळी सापडलंय... एक वेळ सोडून.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून केली. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घराचा मजला, मग माझं नाव. आयुष्यभर आमच्याशी शुद्ध मराठीत बोलणारा माणूस, पण आजारात मराठी गळून गेली आणि लहानपणची अहिराणी तेवढी उरली. पहाटे उठून शर्टाची बटणं लावत दाराशी उभे राहायचे. "गाडीना टाइम व्हई गया," म्हणायचे. मी म्हणायचे, "अण्णा, आज सुट्टी आहे." मग खुर्चीत बसायचे, थोड्या वेळाने परत दाराशी.

माझ्या आत्याने धोशा लावला होता, पेठ गावाच्या पुढे डोंगरात एक वैदू आहे, त्याच्या औषधाने फरक पडतो म्हणून. माझा विश्वास नव्हता. पण डॉक्टरांनी सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं, आणि माणूस किती दिवस ताठ राहणार... शेवटी गेलो. गणपती उठून गेले होते. पाऊस थांबून थांबून येत होता आणि डोंगरात धुकं असं, की गाडीचं बॉनेट तेवढं दिसावं.

पेठ ओलांडून थोडं पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. प्रशांत गाडीचं टायर बघत होता. मी चहाचे कप घ्यायला वळले, कप घेतले, परत फिरले. बाकावर अण्णा नव्हते.

टपरीवाला म्हणाला, "बाबा आत्ता तिकडं वर गेलं की. मला म्हनलं, गाडी लावून येतो."

तिकडे वर म्हणजे पायवाट, आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचं गवत. आम्ही हाका मारत धावलो. धुक्यात हाक लांब जात नाही हे मला त्या दिवशी कळलं. तोंडापुढेच विरघळते.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं आली. जवळच्या पाड्याचे पोलीस पाटील, काशिनाथदादा म्हणू त्यांना, आपली नागलीच्या शेतातली कामं सोडून वीस-पंचवीस माणसं घेऊन रानात शिरले. अण्णांना शुगर, रोजचं इन्सुलिन. ते माझ्या पर्समध्ये होतं. आमच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "लवकर सापडायला हवेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला घरी यावं लागलं. मुलगी शेजारच्या देशमुख काकूंकडे होती आणि तापाने फणफणली होती. प्रशांत म्हणाला, "तू जा, मी आहे इथे. मी हलणार नाही." मी आले, आणि मागोमाग पाड्याकडे जाणाऱ्या फरशी पुलावरून पाणी गेलं. आता मी इकडे आणि माझे वडील, माझा नवरा तिकडे. मुलीच्या कपाळावर पट्टी ठेवत बसले होते आणि कानात तेच, गाडी लावून येतो, गाडी लावून येतो...

पूल बुडायच्या आधी एक माणूस मात्र पलीकडे पोचला होता. इम्रान. प्रशांतच्या ओळखीचा, नाशिकरोडला राहतो, ड्रोनने जमिनींची मोजणी करतो. कुणी न बोलावता आपली पेटी घेऊन आला. धुकं जरा फाटलं की ड्रोन उडवायचा, दऱ्यांवरून ओळीने फोटो घ्यायचा, बॅटरी संपत आली की उतरवायचा. पण एवढे फोटो बघायचे कुठे? त्याच्या लहानशा लॅपटॉपवर, पाड्यावरच्या शाळेच्या पडवीत, एकटा माणूस किती बघणार? आणि त्याने बघत बसावं की उडवावं?

"ताई, तुम्हाला पाठवतो, तुम्ही मोठ्या स्क्रीनवर बघा," त्याचा फोन आला. "पण जातच नाहीयेत. व्हॉट्सॲपवर टाकले की नुसता हिरवा लगदा होतो. दुसरीकडून पाठवतोय तर अर्ध्यात नेटवर्क जातं, की परत पहिल्यापासून. मघापासून एक फोटो गेला नाही."

हे ऐकलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आपल्याला करता येण्यासारखं काहीतरी आहे.

आमच्याकडे आरसिंक नावाची एक जुनी कमांड आहे. ना चित्रं, ना बटणं. ती आधी दोन्हीकडे काय काय आहे ते बघते. तिकडे असलेलं आणि इकडे नसलेलं, तेवढंच उचलून आणते. मध्येच लाईन तुटली तर अर्धी आलेली फाईल टाकून देत नाही, जिथे तुटली तिथून पुढे आणते. वाईट नेटवर्कसाठी याहून चांगलं मला तरी काही माहीत नाही. इम्रानच्या लॅपटॉपवर मोजणीच्या कामासाठी लिनक्स होतं, त्यात ही कमांड आधीपासूनच असते, हे आमचं नशीब.

मी फोनवर अक्षर अक्षर सांगत होते, तो टाइप करत होता.

"आता डॅश डॅश पार्शल."

"डॅश म्हणजे आडवी रेघ ना, ताई?"

"हो. दोन. मध्ये जागा नको."

"टाकल्या... हॅलो? ताई? हॅलो?"

फोन तुटायचा. परत लागायचा. परत तीच ओळ पहिल्यापासून. शेवटी ओळ पूर्ण झाली. तिच्याभोवती मी आणखी एक छोटी ओळ गुंडाळायला लावली, लाईन तुटली की क्षणभर थांब आणि आपली आपण परत लाग. इम्रानने एंटर दाबलं. माझ्या स्क्रीनवरचा रिकामा फोल्डर बराच वेळ रिकामाच होता, आणि मग पहिला फोटो आला. दरी, दगड, गवत, एक ओहोळ. एकेक पान वेगळं दिसत होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

मुलीचा ताप उतरला तशी देशमुख काकू माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर वह्या तपासलेली नजर. "तू डावीकडून बघ, मी उजवीकडून," म्हणाल्या. अण्णांच्या अंगात पांढरा शर्ट होता. म्हणून आम्ही पांढरं शोधत होतो. त्या डोंगरात किती पांढरं असतं हो! पांढरा दगड, पांढरा फेस, पांढरी फुलं. एकदा काकूंनी माझा हात घट्ट धरला. एका बांधाशी पांढरं काहीतरी दुमडून पडलं होतं. मी प्रशांतला फोन केला, तो चिखलातून पळत गेला. खताची रिकामी गोणी होती.

तिसरा दिवस उजाडला. फोटो येत होते, आम्ही बघत होतो. माझे डोळे इतके सुजले होते की मी एकेक डोळा मिटून बघत होते. दुपारी इम्रानचा फोन आला. आवाज बसलेला.

"ताई, आता धुकं पार खाली आलंय. उडवता येत नाही. बॅटऱ्यापण संपल्या, पाड्यावर लाईट नाही. ड्रोन पेटीत ठेवलंय. शेवटच्या फेरीचे फोटो पाठवतोय... तेवढेच आता."

मागून प्रशांतने फोन घेतला. "स्मिता..." एवढंच म्हणाला.

"काय झालं? बोल ना."

"उद्यापासून नदीच्या कडेने बघू म्हणतायत."

"नदीच्या कडेने का?"

का, ते मला कळलं होतं. जिवंत माणसाला कुणी नदीच्या कडेने शोधत नाही.

शेवटच्या फेरीचे फोटो एकेक करत आले. काहीच नव्हतं त्यांत. शेवटचा फोटो आला, त्यात ड्रोन खाली उतरताना दिसणारं शाळेचं अंगण होतं आणि अंगणात मान वर करून बघणारा इम्रान. कमांड थांबली. सगळं आलं, बाकी काही उरलं नाही, असा तिचा नेहमीचा कोरडा निरोप स्क्रीनवर उमटला. मग नेटवर्कही गेलं.

मंडळी, मी त्या वेळी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी स्क्रीनला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "असं कसं संपलं? अजून आण. माझे अण्णा आहेत तिकडे. अजून एक आण." कुणाला म्हणाले, मला ठाऊक नाही. देवाला तर नक्कीच नाही. काकूंनी मला धरून सोफ्यावर बसवलं आणि पाणी आणायला आत गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डोक्यात एवढंच होतं, की उद्या पुलावरचं पाणी ओसरेल आणि मला तिकडे बोलावतील... ओळख पटवायला.

काकू पाणी घेऊन आल्या. ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या,

"स्मिता, हा बघितलास का?"

"सगळे बघितले, काकू."

"नाही गं. शाळेच्या पुढचा हा."

शाळेच्या पुढचा फोटो नव्हताच. मी उठले. फोल्डरमध्ये शाळेच्या अंगणाच्या फोटोनंतर आणखी एक फाईल होती. पुढचाच नंबर. काकूंनी तो उघडला होता.

एका कड्यातून पुढे आलेला, चौरंगाएवढा दगडाचा सज्जा. मागे उंबराचं जुनाट खोड. त्याला पाठ टेकून अण्णा बसले होते. एक पाय विचित्र वळलेला. शर्ट चिखलाने इतका माखलेला की त्यात पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं. पांढरं शोधत बसलो असतो तर जन्मात दिसले नसते. त्यांचा उजवा हात वर होता, एस.टी.चा ड्रायव्हर समोरच्या गाडीला करतो तसा. आणि ते सरळ फोटोत बघत होते. माझ्याकडे.

मी ओरडले की नाही आठवत नाही. मुलगी जागी होऊन बाहेर आली, म्हणजे ओरडले असणार. फोटोच्या आत जागेचे आकडे असतात, अक्षांश-रेखांश. ते काढले आणि प्रशांतला फोन लावला. लागेना. परत लावला. लागेना. किती वेळा लावला देव जाणे. लागला तेव्हा मी फक्त आकडे सांगत सुटले.

प्रशांतने ते मोबाईलच्या नकाशात टाकले आणि काशिनाथदादांना दाखवले. त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"तठं? तठं कोनी जात नाय, भाऊ. सरळ कडा हाय तो."

"दादा, तिथे उंबराचं झाड आहे का?" मी फोनमध्ये ओरडून विचारलं.

"हाय, ताई. पन ते खालून दिसत नाय न् वरूनबी दिसत नाय. तुमाला कोनी सांगितलं?"

ते दोर घेऊन निघाले. मी फोन हातात धरून बसले. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मनात म्हटलं, म्हणा, काकू, जे काय येत असेल ते सगळं म्हणा.

फोन वाजला तेव्हा प्रशांत नुसता रडत होता. इम्रानने त्याच्या हातातून फोन घेतला.

"ताई, जिंदा आहेत. अण्णा जिंदा आहेत."

पाय मोडला होता. ताप होता, शुगर भयंकर चढली होती, ओठ फुटले होते. उंबराच्या खोडावरून ओघळणारं पाणी चाटून राहिले असावेत, असं डॉक्टर नंतर म्हणाले. झोळी करून पाड्यावरच्या माणसांनी त्यांना पाण्यातून अलीकडे आणलं. पुढे बरेच दिवस नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये. वाचले. आणखी एक दिवस गेला असता तर वाचले नसते, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आता पुढचं. इम्रान हॉस्पिटलमध्ये भेटायला आला तेव्हा मी त्याला मिठीच मारली. म्हटलं, "तो शेवटचा फोटो घेतलास म्हणून..."

तो बावचळला. "ताई, मी विचारणारच होतो. कुठला फोटो? शेवटचा तर शाळेचा होता."

त्याने ड्रोनचं कार्ड आणि लॅपटॉप दोन्ही आणलं होतं. दोन्हीकडे शेवटचा फोटो शाळेच्या अंगणाचा. त्यापुढे काही नाही. पुसलेलंही काही नाही, मी पुसलेल्या फाईली परत काढायच्या साधनाने तपासलं. मग माझ्याकडचा लॉग उघडला. आलेल्या प्रत्येक फाईलची त्यात ओळ आहे. या फाईलची नाही. दोन्ही फोल्डर समोरासमोर ठेवून आरसिंकला विचारलं, बाई, काही न हलवता नुसतं सांग, फरक काय? तिने एकच ओळ दिली. ही एक फाईल देणाऱ्याकडे नाही, घेणाऱ्याकडे आहे, सांगितलंत तर पुसून टाकते.

मी घाईने ती खिडकी बंद केली.

फोटोच्या आत नोंदलेली वेळ तिसऱ्या दुपारचीच आहे. ड्रोन पेटीत होतं आणि शाळेच्या पडवीत त्या पेटीवर प्रशांत बसला होता, तेव्हाची. दुसऱ्या कुणाचं ड्रोन? त्या धुक्यात उडणार नाही, आणि उडालं तरी त्याचा फोटो माझ्या घरातल्या मशीनवर, बरोबर पुढचा नंबर लावून कसा येईल? माझ्या मशीनमध्ये कुणी शिरलं होतं का? ऑफिसातल्या माझ्याहून हुशार माणसांना मशीन उघडून दिलं. त्यांनी सगळं तपासलं. एकाने चिडून म्हटलंसुद्धा, "तूच ठेवला असशील, आठवत नसेल." मी कुठून ठेवणार?

पाऊस सरल्यावर इम्रान पुन्हा तिथे गेला. मी सांगितलं नव्हतं, त्यालाच राहवलं नाही. त्याने ड्रोन बरोबर त्या आकड्यांवर नेलं, वरून फोटो घेतला आणि मला आणून दाखवला. नुसती उंबराची पानं. खालचा दगड कुठूनच दिसत नाही.

"तो फोटो घ्यायचा तर ड्रोन पानांच्या आत, अण्णांच्या समोर, हातभर अंतरावर पाहिजे," तो म्हणाला. "तिथे पंखे फिरायलाच जागा नाही, ताई. पहिल्या फांदीला आपटून खाली जाईल."

"मग?"

"मग काय... मला नका विचारू."

इथल्या जाणकारांना विचारायचं आहे ते एवढंच. तांत्रिक माहिती असलेलं कुणी असेल तर जरूर सांगा. तुम्ही म्हणाल ती तपासणी मी करेन. अजूनही मला वाटतं की कारण असणार. फक्त ते मला सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर हल्ली शोधायला बसले की हात थबकतो.

अण्णांना त्या दिवसांतलं काही आठवत नाही. पाय जुळला, पण आता ते चालत नाहीत, खिडकीशी बसून असतात. गेल्या आठवड्यात तो फोटो माझ्या स्क्रीनवर उघडा होता. मी त्यांची खुर्ची टेबलाजवळ सरकवली, काही आठवतं का बघावं म्हणून. ते खूप वेळ बघत राहिले.

"हाऊ कोन शे?" त्यांनी विचारलं.

मला सांगवेना. म्हटलं, "आहेत एक बाबा. रस्ता चुकले होते."

त्यांनी हात पुढे केला आणि स्क्रीनवरच्या त्या चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"याले कोनी पानी दिधं का वं, माय?"

"दिलं, अण्णा," मी म्हणाले. "दिलं."